पट विचारा, पट!

"मॅडम, ऐकलं का? राज्यात शंभरपैकी शंभर टक्के पाडलेली पोरं २११, त्यातली ११३ एकट्या लातूर बोर्डाची! माझी बहीण दुपारपासून फोनवर फोन करायली. तिच्या जावेच्या पोराला ९७ पडले, तर घरात सुतक."

१३ मे २०२५, दहावीचा निकाल लागलेला. नांदेडच्या तरोड्यात भिंतीच्या अलीकडं काकू वाळलेल्या कुरडया डब्यात भरायलेल्या, पलीकडं जिल्हा परिषद हायस्कूलच्या मॅडम दोरीवरचे कपडे काढायलेल्या. मी वर गॅलरीत. या दोघींच्या बोलण्यात मी पडत नाही; ऐकू येतं तेवढं पुरतं.

"लातूर बोर्ड म्हणजे नुसतं लातूर नव्हे काकू. आपलं नांदेड अन् धाराशिवही त्यातच."

"मग आपलंच नाव झालं की!"

"झालं ना. मागच्या वर्षी १८७ मधले १२३, त्याच्या आधी १५१ मधले १०८. पण त्याच बोर्डाचा एकूण निकाल बघितला का? ९२.७७. राज्याचा ९४.१०. नऊ बोर्डांत आपल्या खाली एकटं नागपूर. अन् आठ दिवसांमागं बारावी लागली, तिच्यात तर आपण सगळ्यात खाली, ८९.४६."

काकूंचा हात डब्यातच राहिला. "अगं माय! पहिले पण आपलेच अन् नापास पण आपलेच? असं कामून?"

मॅडमनी आधी शंभर टक्क्यांचं गणित सांगितलं. सहातले चांगले पाच विषय धरायचे, वर चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेचे, लोककलेचे, खेळाचे सवलतीचे गुण. "पोरं हुशार असतात, त्यात वाद नाही. वर्षभर पेपर सोडवून सोडवून बोटं दुखतात त्यांची. पण शेवटचे दोन-तीन गुण कुठून येतात, तेही माहीत असावं माणसाला."

"ते पेपर सोडवायचं खूळ आमच्या दादाच्या वेळेपासनं बरं का," काकूंना विषय सापडला. "दादा लातूरला शाहू कॉलेजात, वाघमारे सर प्रिन्सिपॉल होते तेव्हा. तेच जनार्दन वाघमारे, पुढं ९४ साली आपल्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले ते. सराव परीक्षा झाली की पेपर तपासून पोराच्या हातात, चूक झाली तर परत लिहायचं. दादा म्हणायचा, तिथं फुकट कोणी ओरडायचं नाही, फक्त परत लिहायला लावायचे. आता त्याच लातूर पॅटर्नच्या नावावर उद्योग भवनाकडं किती क्लास, किती होस्टेल, किती खानावळी! आपल्या भाग्यनगरात काय कमी आहेत?"

"तेच तर. हुशार पोरगं दिसलं की आठवीलाच टीसी मागायला बाप दारात. मग माझ्या वर्गात राहतं कोण?"

इथं मॅडमनी कपडे खांद्यावर टाकले आणि बोटं मोजायला घेतली. घरात गोरमाटी बोलणारी तांड्यावरची पोरं. देगलूर-बिलोलीकडून आलेली, घरी तेलुगू बोलणारी. चौथीपर्यंत उर्दू शाळेत शिकून मराठीत आलेला एक. मुखेड-कंधारकडची, ज्यांचे आई-बाप दिवाळी झाली की मुकादमाची उचल फेडायला कारखान्यावर ऊसतोडीला जातात. "नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता; जोडी तुटली तर कोयता तुटतो, म्हणून आईला मागं राहता येत नाही. मग धाकट्याला सांभाळायला दहावीतली पोरगीच सोबत जाते. परीक्षा यंदा २१ फेब्रुवारीला सुरू झाली, तेव्हा फडात ऊस उभाच होता. तिचं नाव माझ्या पटावर आहे, फॉर्म भरलाय, हॉल तिकीट आलंय. ती आली नाही. सांगा, हा निकाल तिचा, माझा, का कारखान्याचा?"

काकूंनी खालच्या आवाजात (म्हणजे तिसऱ्या घराला ऐकू जाईल अशा) विचारलं, "पण पूर्वी तर तुमच्याकडं चांगला निकाल लागायचा म्हणत होते?"

"लागायचा. खिडकीतून लागायचा. २०१० ला परदेशी साहेब, श्रीकर परदेशी, आपले कलेक्टर होते, त्यांनी कॉपी बंद केली तर निकाल धाडकन खाली. मग त्यांनी पोरंच मोजायला लावली. जिल्ह्यात लाखाच्या वर नावं नुसती कागदावर! तेच बघून सरकारनं २०११ च्या ऑक्टोबरात, ३ ते ५ तारखेला, सगळ्या राज्याचा पट तपासला. पोरांच्या बोटाला मतदानासारखी शाई, एकच पोरगं दोन शाळांत मोजायला नको म्हणून."

मला विचाराल तर परदेशींचं कॉपीवालं काम गाजलं, पण मोठं काम हे दुसरं. आधी वर्गात खरोखर कोण बसलंय ते बघा. टक्के मग काढा. लातूरच्या क्लासची जाहिरात करणारा एकही फलक हे सांगत नाही की तिथल्या वर्गात शिरायच्या आधीच चाळण लागलेली असते.

"म्हणून मे महिन्याच्या उन्हात आम्ही पोरं शोधत गल्लोगल्ली," मॅडम म्हणाल्या. "पट घसरला की शिक्षकांची पदं ठरवणाऱ्या संचमान्यतेत एक शिक्षक अतिरिक्त. काकू, तुमच्याकडं भांड्याला येते तिची पोरगी आता आठवीला ना? आमच्याकडं पाठवा म्हणावं. पुस्तकं फुकट, दुपारचं जेवण."

"ती इंग्लिश मिडियममध्ये पाचशे रुपये भरून बसली."

"उद्या किती वाजता येते?"

"साडेसातला. तुम्ही सातलाच या, चहा घेऊ. माझंही एक काम होतं तुमच्याकडं." काकूंनी डब्याचं झाकण गच्च लावलं. "आमचा पुतण्या आहे ना, तुमच्या वर्गात सातवीला पहिला आलेला? त्याची टीसी पाहिजे होती. लातूरला घालायलोत त्याला."