बंडलराव

बंडलराव कोथरूडच्या मंडईत वांगी घ्यायला उभे राहिले की भाजीवाल्या मावशी मनातल्या मनात देवाचं नाव घेत असाव्यात. प्रत्येक वांगं ते देठापासून बुडापर्यंत फिरवून बघतात, बोटाने दाबतात, उजेडाकडे धरतात. कानाशी वाजवून खात्री झाल्याशिवाय नारळ पिशवीत जात नाही. हापूसच्या पेटीचा वरचा थर त्यांनी आजवर कधी खरा मानलेला नाही. ते खालचा थर दाखवायला सांगतात आणि तो दाखवला की म्हणतात, "आता मधला." असा हा माणूस महिन्यातून दोन-तीनदा रात्रीची जेवणं आटोपली की लॅपटॉप उघडतो, क्रेडिट कार्ड काढतो आणि आत काय आहे हे दुकानदारही सांगत नाही अशी वस्तू डॉलर मोजून विकत घेतो.

त्यांचं खरं नाव सोसायटीच्या पाटीवर आहे, पण ते आता फक्त मेन्टेनन्सच्या पावतीपुरतं उरलंय. गेमची बंडलं घेता घेता ते बंडलराव झाले. वय पंचेचाळीसच्या आसपास, नोकरी हिंजवडीत, आणि एका बाजूला कायम कललेला चष्मा. आता तुम्ही म्हणाल, या वयाच्या गृहस्थाला संगणकावरचे गेम कशाला हवेत? त्यांना ते नकोच आहेत. हे समजायला मला बरीच वर्षं लागली.

या व्यवहाराची रीत अशी. इंडी गेम म्हणजे मोठ्या कंपनीच्या पैशाविना चार-पाच जणांनी, कधी कधी एकट्यानेच बनवलेला गेम. २०१६ साली आलेला 'स्टारड्यू व्हॅली' हा शेतीचा गेम एरिक बॅरोन या अमेरिकन माणसाने चारेक वर्षं खपून एकट्याने केला. चित्रं त्याची, संगीत त्याचं, कोबी-मुळेही त्याचेच. असे गेम जगभर ढिगाने निघतात आणि त्यातले बहुतेक विकले जात नाहीत. मग परदेशी दुकानं 'मिस्टरी सेल' लावतात. डॉलरभरात एक गेम, पाच-दहा एकदम घेतले तर भाव आणखी उतरतो, मात्र कोणते गेम मिळाले ते पैसे भरल्यावरच कळणार. हातात येते ती एक की, म्हणजे पाच-पाचच्या तीन गटांत लिहिलेली पंधरा अक्षरं. ती 'स्टीम' या गेमच्या ऑनलाइन दुकानात टाकली की गेम तुमच्या खात्यात जमा.

बंडलरावांचं सगळं सुख पैसे भरल्यापासून की उघडेपर्यंतच्या काळात आहे. त्यामुळे तो काळ ते जमेल तेवढा लांबवतात. दहा कींचं बंडल घेतलं की रोज रात्री एकच उघडायची. अमावास्येला उघडायची नाही. उघडण्याआधी ते अंदाज बांधतात. "या खेपेला 'हॉलो नाइट' येणार बघा," असं मला जिन्यात सांगतात. 'हॉलो नाइट' हा ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या तिघा-चौघांनी केलेला, २०१७चा गाजलेला गेम. तो येत नाही. येतो तो एखादा पाव. अगदी खरं सांगतो, 'आय ॲम ब्रेड' नावाचा गेम आहे. त्यात तुम्ही पावाचा स्लाइस असता आणि सरपटत जाऊन टोस्ट होणं हे तुमचं जीवितकार्य असतं. बंडलराव पडद्याकडे क्षणभर बघतात, की एक्सेलमध्ये चिकटवतात आणि लॅपटॉप मिटतात. निराशा म्हणाल तर कपाळावर आठीसुद्धा नाही. उद्याची की अजून शिल्लक असते ना!

त्या एक्सेलविषयी सांगायला हवं. गेमचं नाव, दुकान, तारीख, दिलेली किंमत, मूळ किंमत असे रकाने, आणि शेवटी हिरव्या रंगात 'वाचले'. या हिरव्या रकान्याची बेरीज एवढी मोठी आहे की तेवढ्यात सिंहगड रस्त्याला वन बीएचके यावा. मूळ किंमत अर्थात दुकानाने सांगितलेली. कधीकाळी वीस डॉलरला निघालेला आणि पुढे वर्षभर दोन डॉलरला पडून राहिलेला गेम या रकान्यात वीसचाच धरला जातो. बँक परकीय चलनाचा अधिभार लावते, तो कुठल्याच रकान्यात नाही. वहिनींनी एकदा चहाचा कप ठेवता ठेवता विचारलं, "हे वाचलेले पैसे कुठल्या बँकेत ठेवलेत?" त्यावर बंडलरावांनी दुसरी शीट उघडून दाखवली.

त्यांच्या तोंडून या धंद्याचा इतिहास ऐकावा. सुरुवात होते मे २०१०पासून. तेव्हा पहिलं 'हंबल इंडी बंडल' निघालं. 'वर्ल्ड ऑफ गू', 'अक्वारिया' वगैरे गेम एकत्र, आणि किंमत काय तर मनाला येईल ती! एक सेंट दिला तरी चालत होतं, शिवाय त्यातला वाटा धर्मादाय संस्थांनाही जाणार होता. अस्सल पुणेकराला यापेक्षा मोठं संकट कोणतं? भाव ठरलेला असेल तर घासाघीस करता येते. 'तुम्हीच सांगा' म्हटल्यावर घासाघीस करायची कोणाशी? बंडलराव दोन दिवस जेवले नाहीत म्हणे. शेवटी एक डॉलर दिला. इतक्या वर्षांनीही तो विषय निघाला की चष्मा पुसत म्हणतात, "अर्ध्यात जमलं असतं."

मग २०१५मध्ये त्याच मंडळींनी महिन्याची वर्गणी सुरू केली. बारा डॉलर भरा, एखाद-दुसरा मोठा गेम आधी सांगू, बाकीचे पुढच्या महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी. हे बंडलरावांचं सुवर्णयुग. पहिल्या शुक्रवारी ते लग्नाची आमंत्रणं स्वीकारत नसत. डिसेंबर २०१९मध्ये ही योजना बंद झाली आणि तिच्या जागी नवी आली, तीत सगळे गेम आधीच दाखवतात, आवडले तर घ्या. ग्राहकाच्या दृष्टीने याहून सरळ व्यवहार नाही. बंडलरावांनी मात्र सुतक पाळलं. "आधी दाखवून विकायचं?" ते मला म्हणाले, "मग त्यात राहिलं काय?" हापूसच्या पेटीची आठवण करून द्यावी असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण दुःखात असलेल्या माणसाशी वाद घालू नये.

आपण हे सगळं छोट्या कलावंतांसाठी करतो, असंही त्यांचं म्हणणं आहे, आणि ते मनापासूनचं आहे. एकट्याने झटणाऱ्या कुणा पोलंडच्या, ब्राझीलच्या पोराच्या पाठीशी आपण उभे आहोत, या जाणिवेने त्यांचा गळा दाटून येतो. हिशेब मांडला तर गळा जरा मोकळा होईल. गेम स्टीमवर विकला गेला की साधारण तीस टक्के स्टीमचे. बाहेर विकण्यासाठी मात्र स्टीम गेमकर्त्याला की फुकट देतं आणि त्या विक्रीतला वाटा घेत नाही. त्यामुळे गेम जुना झाला, खप थंडावला की कर्ता हजारो की घाऊक भावाने बंडलवाल्यांच्या गळ्यात घालतो. काहीच न येण्यापेक्षा काहीतरी आलं, आणि चार लोकांनी नाव ऐकलं, एवढाच त्यात त्याचा हिशेब. डॉलरच्या बंडलातून त्या पोराच्या हाती जे पडत असेल त्यात कटिंग चहा येईल की नाही, याची मला शंका आहे.

पैशाने नाही तर शब्दाने मदत करावी म्हणून बंडलराव परीक्षणंही लिहितात. लांबलचक आणि मुद्देसूद. पण २०१६च्या सप्टेंबरात स्टीमने नियम बदलला: बाहेरून आणलेल्या कीवर गेम घेतलेल्यांचं परीक्षण छापून येतं, गेमच्या गुणांकनात मात्र धरलं जात नाही. म्हणजे सभेला बसता येतं, बोलता येतं, मताला किंमत नाही. सोसायटीच्या वार्षिक सभेत भाडेकरूंचं हेच होतं आणि त्याविरुद्ध दर वर्षी सर्वांत मोठ्या आवाजात बोलणारे मालक बंडलरावच असतात. स्टीमबद्दल ते अवाक्षर काढत नाहीत.

इतकी खरेदी म्हटल्यावर एकच गेम दोनदा, तीनदा येणारच. या जादा कींचं काय करायचं हा प्रश्न त्यांनी आहेराच्या मार्गाने सोडवला. मुंज, बारसं, साठीशांत, कुठेही जा, बंडलरावांचं पाकीट पातळ असतं आणि आत एका चिठ्ठीवर पंधरा अक्षरं असतात. त्यातही न उघडलेली की दिली तर त्यांना अधिक उदार वाटतं. एका मुंजीत बटूच्या आजीने ती चिठ्ठी बँकेचा पासवर्ड समजून देव्हाऱ्यात ठेवली, ती अजून तिथेच आहे. खरा घोटाळा झाला तो दुसऱ्या मजल्यावरच्या काकांच्या पंचाहत्तरीला. काकांनी निम्मी पेन्शन गॅलरीला कबुतरजाळी बसवण्यात घातलेली. नातवाने हौसेने की टाकली, तर निघाला 'हॅटोफुल बॉयफ्रेंड'. हा जपानी गेम कबुतरांच्या शाळेतला. तुम्ही तिथली एकमेव मनुष्य विद्यार्थिनी, आणि कुठल्या तरी कबुतराच्या प्रेमात पडणं हे उद्दिष्ट. काका पुढे पंधरवडाभर बंडलरावांना लिफ्टमध्ये घेत नव्हते.

एक की मात्र वाया गेली नाही. ती त्यांच्याच घरात, त्यांच्याच वडिलांना लागली. नाना तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. 'पेपर्स, प्लीज' हा लुकस पोपचा २०१३चा गेम बंडलरावांकडे तिसऱ्यांदा आला, तेव्हा त्यांनी तो जुन्या लॅपटॉपवर नानांना घालून दिला. आर्स्टोट्झ्का नावाच्या कल्पित देशाच्या सीमेवर तुम्ही तपासनीस असता. खिडकीशी माणूस येतो, पासपोर्ट देतो. तारीख, शिक्का, फोटो, गाव ताडून बघायचं आणि हिरवा किंवा लाल शिक्का मारायचा. रोज सकाळी नवा नियम निघतो, कालचा रद्द होतो. चुकलात की दंड, आणि पगारात घरच्यांचं जेवण आणि शेगडी दोन्ही भागत नाही. नानांनी पहिल्याच दिवशी निकाल दिला, "याने कचेरीत काढलेली दिसतात काही वर्षं." आता ते रोज सकाळी दहाला बसतात, दीडला जेवायला उठतात, तीनला पुन्हा खिडकी उघडतात. कोणी मध्येच हाक मारली तर मान वर न करता "उद्या या" म्हणतात. त्या गेममध्ये वरकमाईचीही सोय आहे. नाना ती घेतात की नाही, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

नाना जेवताना त्यातल्या गमती सांगतात, तेव्हा बंडलरावांचा चेहरा बघण्यासारखा असतो. त्यांच्या खात्यात तो गेम आहे, पण त्यांनी तो कधी उघडलेला नाही. स्टीम प्रत्येक गेमपुढे तुम्ही तो किती तास खेळलात ते निर्दयपणे दाखवतं, आणि बंडलरावांच्या यादीत पानामागून पान त्या जागी काहीच नाही. जे थोडे तास आहेत ते चिरंजीवांचे. चिरंजीव मोबाईलवर फुकटची 'बीजीएमआय' खेळतात, रोज, तासन्‌तास, मित्रांसकट. एक पै न देता पोरगा पोटभर खेळतो आणि बापाचं दुकान भरलेलं आहे. वहिनींना यातला कोणता जास्त वाया गेला हे ठरवता येत नाही.

इथवर मी हसून घेतलं. 'राजी'च्या बाबतीत मात्र मला बंडलरावांचा राग येतो. 'राजी: ॲन एन्शंट एपिक' हा २०२०चा गेम याच पुण्यात, नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीत झाला. राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, सोडवायला निघालेली राजी, तिच्या मदतीला दुर्गा आणि विष्णू. लोकवर्गणीची मोहीम फसली तरी पोरांनी गेम पुरा केला आणि त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या इंडी गेमसाठी त्याला नामांकन मिळालं. ही सगळी हकिगत मला बंडलरावांनीच सांगितली, छाती फुगवून, 'आपली पोरं' म्हणत. मी विचारलं, "खेळलात का?" म्हणाले, "अजून घेतला नाही. येईल की कधीतरी बंडलात." छोट्या कलावंताच्या पाठीशी उभं राहण्याची वेळ स्वतःच्या गावात आली, तर हे गृहस्थ तो कलावंत डॉलरला दहाच्या भावात उतरायची वाट बघत बसलेत.

तेव्हा वाचकहो, असा एखादा बंडलराव तुमच्याही सोसायटीत असणार. त्याच्याकडे डुप्लिकेट की मागायला संकोच करू नका, त्याला आनंदच होतो. घरात निवृत्त कारकून असेल तर 'पेपर्स, प्लीज' आवर्जून मागा. 'राजी' मात्र मागू नका. ती लागेल त्या किमतीला स्वतः घ्या, आणि घेतल्यावर खेळा.