टनेल हिरवा, मुनीम लाल

साधारण धानाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये. हा आकडा दिल्लीत जाहीर झाला की त्याच दिवशी देवरीत माहीत होतो. देवरीच्या गोदामातली काटापावती मात्र गोंदियातल्या मिलच्या मुनीमाला दुपार टळली तरी दिसत नाही. बाहेर ट्रॅक्टरांची रांग, आत मुनीम लालबुंद. फायरवॉल बसवून देणाऱ्या भाऊंना फोन लावला की तिकडून शांतपणे उत्तर येतं, "टनेल तर अप आहे ना भाऊ, हिरवा दिसते."

हिरवा दिसतो, हे खरंच आहे. त्या हिरव्याचा अर्थ एवढाच, की दोन टोकांच्या फायरवॉलनी एकमेकांना ओळखलं आणि किल्ल्या ठरवल्या. त्यातून माल जातो की नाही, हे तो दिवा सांगत नाही. आपल्याकडे उद्घाटन झालं की योजना पूर्ण झाली असं धरतात, मग फायरवॉललाच वेगळा न्याय कशाला लावायचा?

हा टनेल म्हणजे इंटरनेटवरून दोन शाखा जोडणारी कुलूपबंद वाट, अर्थात व्हीपीएन. हा शब्द काढला तरी काही मालक आवाज खाली आणतात. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने व्हीपीएन विकणाऱ्या कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं सांभाळायला सांगितली, तेव्हापासून हे काहीतरी लपूनछपून करायचं प्रकरण आहे असा समज झालाय. कंपनीने स्वतःच्या शाखा जोडायला वापरलेल्या व्हीपीएनला तो नियम लागू नाही, हे सर्ट-इननेच नंतर स्पष्ट केलं. तेव्हा मोठ्याने बोला. आपला दोष कायद्यात नाही, पत्त्यात आहे.

जुन्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी. जगाच्या मध्यवर्ती कोठारातले शेवटचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ ला वाटून संपले. तंगी येणार हे आधीच दिसत होतं, म्हणून नव्वदच्या दशकात काही पत्ते घरगुती वापरासाठी राखून ठेवले गेले: १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ वाले. घरात हवे तसे वापरा, बाहेर पडताना राउटर ते बदलून एका सार्वजनिक पत्त्याआड लपवील. या बदलाबदलीचं नाव नॅट. अख्खी मिल एका पत्त्यावर चालते ती याच कृपेने.

आता गंमत अशी, की बाजारात मिळणारे बरेचसे राउटर डब्यातूनच १९२.१६८.१.१ हा पत्ता घेऊन येतात. बसवणारा तो बदलत नाही. गोंदियात १९२.१६८.१, देवरीत १९२.१६८.१, आमगावच्या दुकानातही तेच. मुनीमाचा संगणक देवरीचा पत्ता वाचतो आणि म्हणतो, हा तर आपल्याच घरातला. तो घरातच हाका मारत बसतो, टनेलपर्यंत जातच नाही. खरं तर गोंदिया जिल्ह्याला हे शिकवायची गरज नाही. आपल्याकडे दोन अर्जुनी आहेत, म्हणून एकीला सडक जोडलं आणि दुसरीला मोरगाव. मुंबईच्या पाहुण्याला आपलं गोरेगाव वेगळं करून सांगावं लागतं, ते आपण सांगतोही. जे गावांच्या बाबतीत पूर्वजांनी केलं, ते राउटरच्या बाबतीत इंजिनिअरला सुचत नाही.

उपाय साधा आहे: एका टोकाचे पत्ते बदला. देवरी १९२.१६८.२० करा, आमगाव १९२.१६८.३० करा. पण हे कोणी करत नाही, कारण कॅमेरे एकाने लावले, हजेरीचं यंत्र दुसऱ्याने, प्रिंटर तिसऱ्याने. तिघांचेही नंबर आता लागत नाहीत आणि पासवर्ड कुणाकडेच नाही. अशा वेळी दोन्ही बाजूंना नॅट लावून प्रत्येक शाखेला दुसरीसाठी उसना पत्ता देता येतो. चालतं, पण तो तक्ता कागदावर नसेल तर पुढच्या माणसाचे हाल कुत्रा खात नाही.

पत्ते वेगळे आहेत, तरी माल जात नाही? मग नियमांचा क्रम बघा. बाहेर जाणारं प्रत्येक पॅकेट सार्वजनिक पत्त्याआड लपव, असा सरसकट नियम फायरवॉलवर असतोच. बऱ्याच फायरवॉलमध्ये ही बदलाबदली आधी होते आणि कुलूप लावायचं की नाही हा निर्णय नंतर. देवरीला निघालेल्या पॅकेटचा मूळ पत्ता आधीच पुसला गेला, तर टनेलचा नियम त्याला ओळखत नाही. ते उघडंवाघडं इंटरनेटवर जातं आणि घरगुती पत्ता बाहेर कुणी विचारत नसल्याने वाटेतच फेकलं जातं. म्हणून 'देवरीला जाणाऱ्याला नॅट करू नको' हा अपवाद सरसकट नियमाच्या वर हवा. वर म्हणजे खरंच वर. फायरवॉल यादी पहिल्या ओळीपासून वाचते, आणि आपला इंजिनिअर नवीन नियम नेहमी तळाला चिकटवतो.

हे तपासायला नागपूरहून माणूस बोलवायची गरज नाही. टनेलच्या पानावर दोन आकडे असतात: किती पॅकेटं कुलूपबंद करून पाठवली आणि किती उघडली. इथला पाठवल्याचा आकडा शून्यावरच असेल तर घोळ इथे आहे, नॅटमध्ये किंवा मार्गात. इथला वाढतोय, तिथला उघडल्याचाही वाढतोय, पण तिथून परत काहीच निघत नाही, तर घोळ तिथला. इथून निघतंय आणि तिथे पोचतच नाही, तर मधल्या वाटेवर कुणीतरी अडवतंय. एवढं बघायला पाच मिनिटं लागतात. 'रिस्टार्ट करून पाहा' या मंत्राला अर्धा दिवस लागतो.

मधली वाट म्हणजे बहुतेकदा मोबाइलचं डोंगल. शाखेत तारेचं कनेक्शन नसतं, मग सिमकार्डावर काम चालतं, आणि मोबाइल कंपनी आपल्या राउटरच्या वर स्वतःचं आणखी एक नॅट लावते. डोंगलला १००.६४ ते १००.१२७ मधला पत्ता मिळालेला दिसला तर समजा, शाखेला स्वतःचं दारच नाही. हा पट्टा २०१२ मध्ये खास याच कामासाठी राखला गेलाय. अशा शाखेला गोंदियाहून हाक मारता येत नाही, हाक शाखेनेच मारावी लागते. शिवाय कुलूपबंद पॅकेटला पोर्ट क्रमांक नसतो, आणि नॅट तर पोर्टावरूनच हिशेब ठेवतं. म्हणून ते पॅकेट यूडीपीच्या पाकिटात घालून ४५०० पोर्टावरून पाठवायची रीत जानेवारी २००५ मध्ये ठरली. फायरवॉलवर पोर्ट ५०० उघडतात, ४५०० विसरतात. तेही उघडलं तर जिवंत असल्याची खूण दर वीसेक सेकंदांनी पाठवायचं राहतं. जेवणाच्या सुट्टीत नॅट ओळख विसरतं, आणि मुनीम परत येतो तोवर देवरी गायब.

सगळ्यात छळवादी प्रकार वेगळाच. पिंग जातं, लॉगिनही होतं, पण बिल उघडायला गेलं की चाक फिरत राहतं. पॅकेटची मर्यादा १,५०० बाइट. कुलूप आणि पाकीट मिळून त्यात साठ-ऐंशी बाइटची भर घालतात. छोटं सामान जातं, मोठं अडकतं. टीसीपीचा एमएसएस, म्हणजे एका पॅकेटातल्या मालाची कमाल मर्यादा, १,३५० च्या आसपास आणला की बहुधा सुटतं. ही एक ओळ लिहायची असते. तिच्याऐवजी 'नेट स्लो आहे, मोठा प्लॅन घ्या' असा सल्ला मिळतो, आणि मालक तो पैसे देऊन घेतोही.

आणि शेवटी तो रामबाण. संध्याकाळ झाली, ट्रॅक्टरवाले ओरडताहेत, काहीच जमेना, तेव्हा भाऊ दुरून संगणकात शिरतात आणि 'तात्पुरतं' म्हणून सगळ्यांकडून सगळीकडे परवानगी देऊन टाकतात. टनेलचा नाद सोडून सर्व्हरचा रिमोट डेस्कटॉप, पोर्ट ३३८९, थेट इंटरनेटवर उघडा करतात. काम होतं. मुनीम खूश, मालक खूश. फायरवॉल हजारो रुपयांची, आणि दार सताड उघडं. हे तात्पुरतं पुढच्या हंगामापर्यंत टिकतं, कारण चालू असलेल्या गोष्टीला हात लावायचा नाही हा आमचा एकमेव सुरक्षा नियम. उघड्या ३३८९ वरून पासवर्ड फोडून आत शिरणं आणि फायली कुलूपबंद करून खंडणी मागणं, हा चोरांचा जुना, ठरलेला रस्ता आहे. त्यांचं कुलूप मात्र पहिल्या दिवशीच नीट लागतं.

मिलवाले, पतसंस्थावाले, गोदामवाले, सगळ्यांना सांगणं एवढंच: ३३८९ बाहेरून उघडं आहे का, हे आजच विचारा आणि असेल तर बंद करून घ्या. कुठल्या शाखेला कोणते पत्ते, कोणता नियम कशासाठी आणि तो कुणी टाकला, हे एका कागदावर लिहून मागा. तो कागद आणि फायरवॉलचा पासवर्ड तुमच्या तिजोरीत ठेवा. कागद हातात पडेपर्यंत भाऊंचं बिल थांबवा.