पिंगळीच्या चौपाटीची नियमावली

परभणी तालुक्यातल्या पिंगळीला समुद्र नाही. खाऱ्या वाऱ्याची हौस असलेल्याने देवगिरी एक्स्प्रेसने रात्र काढून मुंबई गाठावी, आणि ती धरायलाही आधी परभणी स्टेशनात जावे. तेवढ्यावरून पिंगळीला किनाऱ्याच्या नियमावलीची गरज नाही असे जो म्हणेल, त्याने एक तर ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण ऐकलेली नाही, नाही तर त्याचा सरकारी कामाशी कधी संबंध आलेला नाही. आपल्याकडे आधी नियम येतो, मग फलक येतो, मग फलकाचे उद्घाटन होते. जागा सापडली तर उत्तम. नाही सापडली तर फलक रोवला तीच जागा.

शिवाय नमुना आयता तयार आहे. इंग्लंडच्या आग्नेय टोकाला थॅनेट नावाची स्थानिक परिषद आहे. मार्गेट, रॅम्सगेट, ब्रॉडस्टेअर्स ही तिच्या हद्दीतली समुद्रकाठची गावे. २०१४ च्या एका कायद्याने तिकडच्या परिषदांना अधिकार मिळाला, की सार्वजनिक जागेत लोकांना सतत ताप देणारे वर्तन हुकूम काढून बंद करावे. मोडणाऱ्याच्या हातात जागेवर पावती. प्रकरण कोर्टात गेले तर दंड हजार पौंडांपर्यंत. कुठे मोकाट कुत्र्यांवर हुकूम निघाले, कुठे किनाऱ्यावर कोंबडी भाजण्यावर. सॅलफर्डच्या परिषदेने आपल्या गोदीकाठावर अर्वाच्य बोलण्याला बंदी घातली. थॅनेटने २०१८ मध्ये तोच कित्ता गिरवला. पुढे त्या हुकमाची मुदत संपली. २०२४ मध्ये परिषद पुन्हा तसाच हुकूम काढायला निघाली, तेव्हा भाषणस्वातंत्र्यवाल्या एका संघटनेने कोर्टाची भाषा केली आणि परिषदेने पाऊल मागे घेतले. म्हणजे मार्गेटच्या वाळूत उभे राहून तेव्हा तरी कोणीही मोकळेपणाने बोलू शकत होते.

इंग्रजांना जे टिकवता आले नाही, ते नेवासा तालुक्यातल्या सौंदाळा गावाने एका ग्रामसभेत उरकले. २८ नोव्हेंबर २०२४ रोजी ठराव झाला: आई-बहिणीवरून शिवी दिली तर पाचशे रुपये दंड. ना सल्लामसलतीचा मसुदा, ना हरकतींची मुदत. हात वर झाले, ठराव मंजूर. हेतू खोटा नाही, हेही कबूल केले पाहिजे. भांडण दोन बाप्यांचे, कारण बांधावरच्या एका बाभळीचे, आणि उद्धार ज्या बायकांचा होतो त्या तिकडे घरी भाकरी थापत असतात. त्यांच्या वतीने कोणीतरी ठराव मांडायलाच हवा होता.

प्रश्न अंमलबजावणीचा आहे. समजा, पिंगळीने हा ठराव घेतला. रब्बीच्या दिवसांत मोटारीला वीज यायची ती रात्रीच्या पाळीत. शेतकरी अंगावर घोंगडी घेऊन विहिरीवर पोचतो, बटण दाबतो, आणि त्याच क्षणी डीपीतून एक निळी ठिणगी उडून सगळे शिवार गप्प होते. यानंतर तो जे बोलतो ते शिवीगाळ धरायचे, की महावितरणकडे नोंदवलेली तोंडी तक्रार? साक्षीदार कोण? तक्रारदाराने शिवी कोणती ते सांगितले पाहिजे. सांगितली की त्याचेही पाचशे. लेखी द्यावी तर ती ग्रामपंचायतीच्या दप्तरात कायमची जाऊन बसते. उद्या माहितीच्या अधिकारात कोणी तिची साक्षांकित प्रत मागितली, तर खाली सही कोणी करायची?

ग्रामपंचायतीला हे न झेपले तर पोलीस आहेतच. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ चा, आणि खुल्या जागेत माणसाने कसे वागू नये याची त्यात मोठी यादी आहे. कलम ११० असभ्य वर्तनाचे, कलम ११५ रस्त्यालगत घाण करण्याचे. ९९ पासून ११६ पर्यंतच्या सगळ्या कलमांना ११७ व्या कलमाने एकच भाव लावून दिला आहे: बाराशे रुपयांपर्यंत दंड. मालात फरक असला तरी भाव एक, असा बाजार दुसरीकडे सापडायचा नाही.

त्या बाजारात खऱ्याखुऱ्या किनाऱ्यावर काय विकले गेले ते पाहण्यासारखे आहे. ६ ऑगस्ट २०१५ रोजी मुंबई पोलिसांनी मढ आणि अक्सा भागातल्या हॉटेलांवर छापे घातले आणि चाळीसएक जोडप्यांना खोल्यांतून बाहेर काढून ठाण्यावर नेले. सज्ञान माणसे, पैसे मोजून घेतलेली खोली, दाराला आतून कडी. तरी अनेकांना लागले ते कलम ११०, म्हणजे सार्वजनिक ठिकाणचे असभ्य वर्तन, आणि हातात पडली ती बाराशेची पावती. खोलीच्या खिडकीतून समुद्र दिसत असेल तर खोलीही किनाऱ्यातच मोडते, असा काहीसा अर्थ असावा. बरीच ओरड झाली, मग आयुक्तांनी चौकशी लावली. पुढे २०२१ मध्ये बोरिवलीच्या एका सोसायटीबाहेर रहिवाशांनी रस्त्यावरच ठळक अक्षरांत ‘नो किसिंग झोन’ रंगवून टाकले. त्यांना ना कलम लागले, ना पोलीस. एका रंगाच्या डब्यात काम भागले.

आता तेच बाराशे मराठवाड्यात. इथे जोडपी नव्हती, लोटे होते. हागणदारीमुक्तीच्या मोहिमेत भल्या पहाटे ‘गुड मॉर्निंग पथक’ निघायचे. जीप, शिट्टी, विजेरी, कॅमेरा. उकिडव्या बसलेल्या माणसाला कधी गुलाबाचे फूल, कधी गळ्यात हार, आणि ऐकलाच नाही तर पोलीस अधिनियमाखाली बाराशेपर्यंत दंड. टमरेल जप्त झाल्याच्याही बातम्या येत. त्या टमरेलांचा पुढे लिलाव झाला की ती मुद्देमाल म्हणून जपून ठेवली, ते कळत नाही. अक्साच्या खोलीतले प्रेम आणि गावकुसाबाहेरचा लोटा, कायद्याच्या काट्यावर दोन्ही सारखेच भरले.

१८ एप्रिल २०१८ रोजी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त झाल्याचे जाहीर केले. साठ लाखांवर शौचालये बांधून झाली होती. त्यांत टाकायचे पाणी कुठून आणायचे, हे दुसऱ्या खात्याकडे होते. जेमतेम दोन वर्षांपूर्वी, मार्च २०१६ मध्ये, शेजारच्या लातुरात प्रशासनाने पाण्याच्या टाक्यांभोवती कलम १४४ लावले होते. पाचजण हंडे घेऊन टाकीपाशी जमले तर बेकायदा जमाव. एप्रिलमध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी आले, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. मराठवाड्यात सार्वजनिक ठिकाणी गर्दी करण्याचे कारण बहुधा असले असते. चौपाटीवरच्या भेळेसाठी कोणी जमत नाही.

इथपर्यंतच्या दरपत्रकात शिवी पाचशे, प्रेम बाराशे, लोटा बाराशे. उरला तो खुली जागाच गिळणारा माणूस. त्याचा भाव ग्रामपंचायत अधिनियमात आहे. १९५८ च्या या कायद्याचे कलम ५३ सांगते की सार्वजनिक रस्त्यावर किंवा मोकळ्या जागेत भिंत, कुंपण, ओटा, पायरी, दुकान, जे काही उभारून अडथळा केला, त्याला दोष सिद्ध झाल्यावर दंड पन्नास रुपयांपर्यंत, आणि त्यानंतरही हटला नाही तर दर दिवसाला पाच रुपयांपर्यंत. पाच रुपये रोज! परभणीत या भाड्याने सायकल लावायला जागा मिळत नाही. गावात बसस्टँडसमोर गाळा मिळतो तो केवळ कायद्याच्या कृपेने. आईवरून शिवी देण्यापेक्षा आईच्या नावाने सार्वजनिक जागेत रसवंती टाकणे दसपटीने स्वस्त पडते, हे हिशेबी माणसाच्या ध्यानात यायला किती वेळ लागणार?

कायद्याला हे कळले नाही असे नाही. पुढे त्याच अधिनियमाच्या कलम १४ मध्ये भर पडली: सरकारी किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण करणारा ग्रामपंचायतीचा सदस्य राहू शकत नाही. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात कुटुंबाच्या अतिक्रमणाचा लाभ घेणारेही धरले. तेव्हापासून निवडणूक हरलेल्या उमेदवाराच्या हाती मोजणीची टेप आली. गावाला मोकळ्या जागेचा कळवळा यायला तेवढे एक निमित्त पुरते. जिंकणाऱ्याचा ओटा, त्याच्या चुलत्याचा जिना, सासऱ्याचा गोठा, सगळे फुटा-इंचात मोजून जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज. ओटा तिथेच राहतो; फार तर सरपंच बदलतो. मग २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने गायरानांवरची अतिक्रमणे वर्षअखेर काढायला सांगितली, तेव्हा नोटिसा सर्वांत आधी पोचल्या त्या पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या भूमिहीनांच्या दारात. त्यांचा पत्ता शोधावा लागत नाही, दुसरीकडे जायला जागाच नसते.

पिंगळीत जुनी दगडी बारव आहे, आणि परभणी जिल्हा अशा बारवांनी भरलेला आहे. एके काळी पाणी प्यायची, पायऱ्यांवर टेकायची, गावगप्पांची ती खुली जागा. नंतर नळ आले आणि बऱ्याच बारवांचा उकिरडा झाला. सेलू तालुक्यातल्या वालूरची चक्राकार पायऱ्यांची बारव गाळाने आणि कचऱ्याने बुजली होती. २०२१ मध्ये गावकऱ्यांनी श्रमदान करून ती उपसली. कलम ११५ त्या कामी आले नाही. घमेली आली.

आणि आता किनारा. सुरुवातीला जे म्हटले ते अर्धेच खरे होते. परभणी जिल्ह्याला समुद्र नाही, पण वाळू आहे. गोदावरी, पूर्णा, दुधना यांच्या पात्रांत ती वर्षानुवर्षे साठत आली. गोदाकाठच्या म्हाताऱ्यांना आठवते ती वाळू पायाला चटके देणारी, टरबुजाच्या वाड्या लावण्याइतकी ऐसपैस. तिच्यावर असभ्य वर्तन होते, रोज होते, फक्त ते बसून होत नाही. यारीने, तराफ्याने, पोकलेनने होते. रात्री पात्रात उजेड दिसला तर ती चौपाटी समजावी. हायवा डंपरांची रांग लागलेली असते. तहसीलदारांच्या घरासमोर मोटारसायकलवर जो पोरगा बसलेला दिसतो तो त्यांचा चाहता नव्हे. तो ‘लोकेशन’ देतो. साहेबांची गाडी कोणत्या वळणावर वळली हे साहेबांच्या चालकाआधी घाटावर कळते.

परदेशात याबाबत माणसे फारच कोत्या मनाची आहेत. इंग्लंडात कॉर्नवॉलच्या क्रॅकिंग्टन हेवन या किनाऱ्यावरून २०१८ मध्ये एका पर्यटकाने गोटे उचलून नेले. त्याला हजार पौंड दंडाचा धाक घातला आणि ते गोटे परत आणून टाकायला लावले. २०१९ मध्ये इटलीच्या सार्डिनिया बेटावर एका फ्रेंच जोडप्याच्या गाडीत चौदा प्लास्टिक बाटल्यांत भरलेली चाळीस किलो वाळू सापडली. आठवण म्हणून नेत होतो, असे ते म्हणाले. सहा वर्षांपर्यंत कैदेची टांगती तलवार डोक्यावर आली. आपल्या हिशेबाने पाहू: एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, वजनाने चार टनांहून जास्त. चार ब्रासचा एक हायवा म्हणजे त्या फ्रेंच नवराबायकोच्या सहा हजारांवर बाटल्या. आठवणींचा एवढा मोठा व्यापार त्यांना सुचलाही नसेल.

आपला कायदा इथेही कच्चा नाही. जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ मध्ये बेकायदा उपशाला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे, वाहन जप्तीही आहे. धोरणांची तर रेलचेल. मे २०२३ पासून सहाशे रुपये ब्रासने सरकारी डेपोतून वाळू मिळणार होती. एप्रिल २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने डेपो गुंडाळून पुन्हा लिलावाचा रस्ता धरला. मधल्या काळात तलाठ्याचे ‘ग्राम महसूल अधिकारी’ झाले आणि ग्रामसेवकाचे ‘ग्रामपंचायत अधिकारी’. पात्रात शिरलेला हायवा अडवायला एकटा माणूस जातो तेव्हा त्याचे पदनाम भारदस्त असलेले बरे.

तेव्हा पिंगळीने मसुदा करावा तो सर्वसमावेशक. चौपाटीवर चाकाच्या वाहनास मज्जाव. पोकलेनला चाके नसतात, त्याचा विचार उपसमिती करील. शिवी देणाऱ्यास पाचशे, मात्र डीपीच्या वीस पावलांच्या आत माफी. जोडप्यांनी एकमेकांत एक हायवा जाईल इतके अंतर ठेवावे. वाळूत किल्ला बांधणाऱ्या पोरांनी बांधकाम परवाना जवळ बाळगावा आणि खेळ संपल्यावर वाळू झटकून घरी जावे. खिशात आढळलेल्या वाळूची रॉयल्टी पावती दाखवता आली नाही तर पाचपट दंड बापाकडून वसूल होईल. चौपाटीची हद्द कुठून कुठपर्यंत, याचा पंचनामा ग्राम महसूल अधिकाऱ्यांनी करावा. पंचनाम्याच्या वेळी जागेवर किनारा आढळून न आल्यास तसा शेरा मारावा.

मसुद्याला हरकत एकच येईल, आणि ती घरकुलवाल्यांची. २०२५ च्या धोरणात घरकुलाच्या लाभार्थ्याला पाच ब्रासपर्यंत वाळू फुकट आहे. पंचायत समितीच्या यादीत नाव, मग तहसीलला खेटे, मग पास, मग घाट अजून ठरायचा आहे असे उत्तर. तोवर जोत्यात पावसाचे पाणी साचते आणि हप्ता परत जायची भीती लागते. शेवटी लाभार्थी ओळखीच्या कोणाकडून नंबर घेऊन फोन लावतो. रात्री दोनला दारात हायवा येतो, वेळेवर येतो, माप चोख देतो, अरेतुरे करत नाही. सार्वजनिक सभ्यतेच्या सगळ्या कलमांत तो बसतो. पावतीचे विचारले, तर तेवढा हसतो.