लंगोटराव

बारशाला डायपरचा केक नेऊ नका. निदान लंगोटराव त्या बारशाला येणार असतील तर मुळीच नेऊ नका. हल्ली असे केक मिळतात. गुंडाळलेले डायपर मजल्यावर मजला रचायचे, सॅटिनची फीत बांधायची आणि वर एक टेडी बसवायचा. आमच्या इमारतीतल्या एका बारशाला कोणी तरी हौसेने तो आणला. इकडे आत्या बाळाच्या कानात कुर्र करत होती आणि तिकडे लंगोटरावांनी केकच्या तळमजल्यावरचा एक डायपर उपसला, कात्री मागून घेतली, तो फाडला, आतला पांढरा भुगा घुगऱ्यांच्या रिकाम्या वाटीत ओतला आणि त्यावर पेलाभर पाणी घातलं. बघता बघता वाटीत थलथलीत गोळा तयार झाला.

“सोडियम पॉलिअॅक्रिलेट,” ते म्हणाले. “शुद्ध पाणी असेल तर स्वतःच्या वजनाच्या तीनशे पट पितं. लघवी खारट, म्हणून तिथे तीसच पट.”

हे ते घुगऱ्या खात बसलेल्या माणसांना सांगत होते. मुलं खूश झाली, त्यांना जेली मिळाली. बाळाच्या आजीने ती वाटी त्याच दिवशी भंगारात दिली.

असा एक जण तुमच्याही इमारतीत असणार. पोर होईपर्यंत हा साधा माणूस असतो. लिफ्टमध्ये भेटला तर हसतो, मेंटेनन्स वेळेवर भरतो. पोर झालं की त्याला निसर्ग सापडतो. घरातली प्लॅस्टिकची खेळणी जातात आणि सावंतवाडीची लाकडी येतात. बिस्किटं जातात, नाचणीसत्त्व येतं. जॉन्सन जातो, खोबरेल येतं. इथवर कोणाची तक्रार नसते, कारण ही लाट बहुतेकांच्या घरून पोराच्या पहिल्या वाढदिवसाआधीच ओसरते. आमच्या लंगोटरावांचं तसं झालं नाही. हे नाव सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपने दिलंय. तोंडावर मी त्याला अरेतुरेच करतो, अहोजाहो पाठीमागे.

सुरुवात बटणवाल्या, हत्ती-घोडे छापलेल्या, आत पॅड सरकवायच्या लंगोटांपासून झाली. ते आता सहज मिळतात. 2016 साली पल्लवी उटगींनी सुरू केलेली सुपरबॉटम्स ही कंपनी तर मुंबईचीच. पण बटणातही प्लॅस्टिक असतं हे कळल्यावर लंगोटराव आणखी मागे गेले, ते थेट त्रिकोणी लंगोटापाशी येऊन थांबले. त्याला धुऊन धुऊन मऊ झालेली सुती साडी लागते. मग ते दारोदार जुन्या साड्या मागत फिरले. एका काकूंनी प्रेमाने नायलॉनची साडी काढून दिली, तर त्यांना अर्धा तास उभ्याने व्याख्यान ऐकावं लागलं आणि वर साडी परत मिळाली.

पण हेही एक वेळ चालून जातं. खरा छळ उन्हाचा.

त्याचं कारण असं की ब्रिटनमधल्या सरकारी पर्यावरण संस्थेचा 2008 सालचा एक अहवाल लंगोटरावांना पाठ आहे. तो खरं तर मीच त्यांना गप्प करायला शोधून काढला होता. पहिल्या अडीच वर्षांत एका बाळाच्या टाकाऊ डायपरपायी साधारण 550 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, आणि कापडी लंगोटांपायी 570 किलो. म्हणजे वीस किलो जास्तच! हा आकडा मी मोठ्या आनंदाने त्यांच्या पुढ्यात टाकला.

“काका, पुढचं वाचा,” ते म्हणाले. “मशीन गच्च भरून लावलं, ड्रायर न लावता बाहेर दोरीवर वाळवलं आणि दुसऱ्या मुलालाही तेच लंगोट वापरले, तर चाळीस टक्के वाचतात. म्हणजे सगळं उन्हावर आहे.”

“आणि दुसऱ्या मुलावर,” त्यांची बायको आतून म्हणाली.

त्यावर ते काही बोलले नाहीत.

आता मुंबईत, आमच्या खारदांड्यात ऊन शोधणं म्हणजे काय ते इथे राहिल्याशिवाय कळायचं नाही. आमची इमारत जुनी, बुटकी. एका अंगाला टॉवर, दुसऱ्या अंगाला रिडेव्हलपमेंटचे पत्रे आणि त्यांच्यामागे आणखी एक टॉवर उगवतोय. लंगोटरावांच्या घरात ऊन येतं ते दुपारी, स्वयंपाकघराच्या जाळीतून, पोळपाटाएवढं. त्यामुळे दुसऱ्यांच्या घरातलं ऊन हा त्यांच्या अभ्यासाचा विषय झाला. आमच्या पूर्वेच्या खिडकीत सकाळी नऊ ते सव्वाअकरा ऊन असतं हा शोध त्यांचा. मी त्या घरात जन्म काढला, मला पत्ता नव्हता. एके दिवशी बेल वाजली. दारात लंगोटराव, हातात प्लॅस्टिकची बादली (हो, प्लॅस्टिकची).

“काका, तुमचं ऊन वाया चाललंय.”

तेव्हापासून मी सकाळचा पेपर लंगोटांच्या तोरणाखाली वाचतो.

गच्चीला सेक्रेटरींनी कुलूप लावलं तेव्हा सर्वसाधारण सभेत पाऊण तास फक्त ऊन या विषयावर चर्चा झाली. इमारतीच्या आवारात उभ्या गाडीचं बॉनेट किती तापतं हे त्यांनी हात लावून बघून ठेवलंय, आणि पांढऱ्यापेक्षा काळ्या गाडीचे मालक त्यांना जास्त आवडतात. कार्टर रोडच्या फेरफटक्याला जाताना पिशवीत चिमटे असतात. समुद्राकडे तोंड करून लोक सूर्यास्त बघत असतात, आणि हे कठड्यावर दोन दुपटी पसरून वाऱ्याची दिशा बघत असतात. पाचव्या मजल्यावरचे एक आजोबा वारले तेव्हा आम्ही सगळे जमिनीकडे बघत बसलो होतो. लंगोटरावांची नजर मात्र गॅलरीकडे गेली आणि ते माझ्या कानाशी हळूच म्हणाले, “दक्षिणेचं आहे. दिवसभर येत असणार.”

अखेर त्यांनी कोळीवाडा गाठला.

दांड्याच्या किनाऱ्यावर पाऊस सरला की बांबूच्या वलांड्या उभ्या राहतात आणि त्यांवर बोंबील वाळायला टांगतात, जबड्यात जबडा अडकवून, जोडीजोडीने. आडोसा नाही, वारा भरपूर, ऊन सकाळपासून. लंगोटरावांनी ते दृश्य पाहिलं आणि त्यांना बोंबील दिसलेच नाहीत, दोऱ्या दिसल्या. त्यांच्या पोराला मालिश करायला येणाऱ्या मावशी तिथल्याच. त्यांच्याकडे यांनी शब्द टाकला.

“बाला, ही म्हावऱ्याची वलांडी हाय,” मावशी म्हणाल्या, “तुज्या पोराच्या लंगोटांची नाय.”

पण मावशी मनाने मोठ्या, आणि व्यवहारालाही पक्क्या. एक रिकामी दोरी मिळाली. बदल्यात कावळे हाकलायचे. त्या हिवाळ्यात बऱ्याच सकाळी आमच्या इमारतीतला एक सॉफ्टवेअरवाला मांडीवर लॅपटॉप, कानात हेडफोन आणि हातात काठी अशा अवतारात बोंबलांची राखण करत बसलेला दांड्याने पाहिला. मीटिंगमध्ये मधूनच तो “हाट्!” असं ओरडायचा, तेव्हा पलीकडची मंडळी गप्प व्हायची म्हणतात. लंगोट खडखडीत वाळले. फक्त पोराला बाबागाडीतून फिरायला नेलं की मांजरं मागे लागायची.

तिथेच लंगोटरावांना आयुष्यातला पहिला मोठा धक्का बसला. मावशींचा नातू ओट्यावर रांगत होता आणि त्याच्या कमरेला डायपर होता. विकतचा. मावशी तो नाक्यावरच्या दुकानातून सुटा आणतात आणि त्याला ‘हगीज’ म्हणतात, मग कंपनी कुठलीही असो.

“मावशी, तुम्हीसुद्धा?”

“मंग काय करू? सून पहाटंच भाऊच्या धक्क्याला जाते म्हावरं आनायला. मी तुज्या पोराला माखायला येते. नळाला पानी येतं घडीभर. लंगोट कोन धुनार, तुजा बाप?”

लंगोटरावांच्या अहवालात याचं उत्तर नव्हतं. निसर्गाच्या जवळ राहायला ऊन लागतं, पाणी लागतं आणि धुणारं माणूस लागतं. मुंबईत या तिन्हींचा भाव जागेच्या भावासारखाच चढता आहे. ज्यांच्याकडे निदान ऊन होतं त्या कोळीवाड्यावरही आता दुपार कलायच्या आत टॉवरची सावली सरकत येते. समोर समुद्रात वर्सोवा-वांद्रे सेतूचे खांब उभे राहताहेत. मावशींनी डायपर घ्यावा की लंगोट, हे विचारायचा हक्क निदान सतराव्या मजल्यावरून खाली बघणाऱ्याला नाही. लंगोटराव तिसऱ्या मजल्यावर राहतात, म्हणून त्यांना थोडीशी सूट.

माझ्या आईला हा सगळा प्रकार फार गमतीचा वाटायचा. 1961 साली अमेरिकेत पॅम्पर्स बाजारात आलं, व्हिक्टर मिल्स नावाच्या इंजिनिअरने नातवंडाचे लंगोट बदलून कंटाळून ती कल्पना काढली, असं लंगोटराव तिला चिडून सांगत होते.

“आजोबाने बदलले लंगोट?” आईने विचारलं.

“हो.”

“मग कंटाळणारच.”

तिची चार पोरं लंगोटांवर वाढली. पावसाळ्यात शेगडीवर वेताची टोपली उपडी घालायची, तिच्यावर लंगोट पसरायचे, निखाऱ्यावर चिमूटभर ओवा टाकायचा. दोन्ही पाय लांब करून, पावलांवर पोराला बसवून शूऽऽ करायचं. लंगोटराव हे सगळं वहीत उतरवून घेत होते. “आजी, तुम्ही किती नॅचरल होतात!” असं ते म्हणाले तेव्हा आईने चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं. “नॅचरल कसली रे मेल्या? पैसे नव्हते.”

तरी त्यांनी टोपली आणलीच, मासळीबाजारातून. पुन्हा मांजरं आली.

जुलै मात्र लंगोटरावांना शरण आणतो. जून-जुलैत मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, वलांड्या रिकाम्या, आणि ऊन नावाला नाही. त्यांच्या बायकोने, जी बीकेसीत बँकेत नोकरी करते आणि जिला झोप नावाची नैसर्गिक गोष्ट प्रिय आहे, फार पूर्वीच डायपरचं एक पाकीट गुपचूप आमच्याकडे ठेवायला दिलं होतं. माळ्यावर, बॅगांच्या मागे. मी ते गुपित तिजोरीसारखं सांभाळलं होतं. एका मुसळधार रात्री बेल वाजली. पोराचं पोट बिघडलेलं, घरात एक लंगोट कोरडा नाही. दारात लंगोटराव, ओले आणि ओशाळे.

“काका, माळ्यावरचं ते पाकीट द्या.”

“कसलं पाकीट?”

“बॅगांमागचं. मला पहिल्यापासून माहितीये. तिला सांगू नका.”

सकाळी ऑफिसला जाताना तिने विचारलं, “पाकीट नेलं ना त्याने? त्याला सांगू नका, मला कळलंय म्हणून.” मी दोघांनाही सांगितलं नाही. हा लेख त्यांनी वाचला तर माझा नाइलाज आहे.

आता एक गोष्ट कबूल करावी लागते आणि ती करताना मला आनंद होत नाही. हा माणूस लंगोट स्वतः धुतो. कामाच्या बाईंनी पहिल्याच दिवशी नकार दिला तेव्हा पुरुषमाणूस साधारणपणे बायकोकडे बघतो. याने बादली उचलली. रात्री दोनला, पहाटे पाचला आमच्या न्हाणीघराच्या खिडकीतून त्याच्या नळाचा आवाज यायचा. आमच्या पिढीत हे काम झालं ते कोणाला न सांगता, आणि ते बायकांनी केलं. हा सगळ्या खारदांड्याला सांगत सुटला, पण केलं त्याने स्वतः. मी चार भावंडांतला एक, दोन पोरांचा बाप, आणि लंगोट पिळल्याचं मला आठवत नाही.

दोन वर्षांपूर्वी आई अंथरुणाला खिळली. मोठ्यांचे डायपर घरात आले. आता व्याख्यान होणार म्हणून मी तयारीत होतो. तो आला, पाकिटाकडे बघितलं, आईशी थोडं बोलला आणि गेला. दुसऱ्या दिवशी दारात जुन्या वर्तमानपत्रांचे कापलेले चौकोन होते, प्रत्येकावर लाल ठिपका काढलेला. घनकचऱ्याच्या नियमांप्रमाणे असा कचरा गुंडाळून वेगळा द्यायचा असतो, आणि पुण्यातल्या कचरावेचक बायकांनी त्यासाठी लाल ठिपक्याची खूण रूढ केली. कारण तो शेवटी कोणी तरी हातानेच निवडतं. चौकोनांखाली साड्यांच्या चार पदरी शिवलेल्या चौघड्या होत्या, चांगल्या मोठ्या.

“दिवसा तासभर हे घालत जा,” तो म्हणाला. “पाठीला हवा लागते. वापरलेले माझ्याकडे द्या.”

“अरे, तू कशाला? मी बघतो.”

“मशीन अर्धंच भरतं, काका. पोराचे आता कमी झालेत.”

गच्च भरलं पाहिजे ना मशीन. अहवालात तसंच म्हटलंय. आई जाईपर्यंत तो चौघड्या नेत राहिला, धुऊन आणत राहिला, आणि एकदाही सोडियम पॉलिअॅक्रिलेटचं नाव काढलं नाही. ती गेली तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. सगळी मंडळी जमली, तोही आला. पूर्वेच्या खिडकीत लख्ख ऊन होतं. त्याने तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

हे मी चुकून लिहून गेलो. त्याला फार चढवायचं काही कारण नाही. परवाच लिफ्टमध्ये त्याने मला बांबूच्या टूथब्रशविषयी सातव्या मजल्यापर्यंत सांगितलं, आणि मी राहतो दुसऱ्यावर.

पोराचे लंगोट सुटले. शाळेत जातो तो आता, आणि बाप जे सांगेल त्याच्या नेमकं उलट करतो. धुऊन, वाळवून, घड्या घालून ठेवलेले लंगोट त्याच्या कपाटाचा एक खण अडवून बसलेत. दुसऱ्या मुलाचा प्रश्न त्याच्या बायकोने केव्हाच निकालात काढलाय. कोणाला हवे असतील तर खारदांड्याला येऊन घेऊन जा, फुकट आहेत. फक्त तुमच्या घरी ऊन किती वाजता येतं आणि लंगोट घरात कोण धुणार आहे, हे ठरवून या. तो दोन्ही विचारतो, आणि दुसऱ्याचं उत्तर ‘बायको’ असेल तर देत नाही.