माल हातात आल्यावर

आप्पांच्या घरी पुस्तक घेऊन गेलं की आधी पुस्तकाची चौकशी होते, मग आपली. "काय आणलंस? दाखव." पुस्तक उलटं होतं, लाल उजेडाची रेघ मलपृष्ठावर पडते, टीं! "आहे माझ्याकडे. घेऊन जा परत." मग "बस, चहा घेणार?"

आप्पा पिंपरीच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. एक वायसर इकडचा तिकडे झाला नाही, असं ते आजही सांगतात. निवृत्तीनंतर घरात नीट नजर टाकली, तर एक हजार आठशे त्रेचाळीस पुस्तकं आणि एकाचंही नोंदीचं कार्ड नाही! पुस्तकं त्यांना प्रिय आहेत, पण हिशेबाबाहेरचा माल त्यांना बघवत नाही. आठवड्याभरात स्कॅनर आला. दसऱ्याला तो शस्त्रपूजेत होता, विळी आणि पान्याच्या मधोमध, झेंडूच्या फुलासकट.

नवी पुस्तकं पटापट झाली. पाठीवर तेरा आकडे तयारच असतात. सुरुवात बहुतेक ९७८ने. दुकानातल्या मालावर या जागी देशाचा आकडा असतो, भारताचा ८९०. (त्यावरून वस्तू भारतात बनली असं समजू नये, कंपनीची नोंदणी इथली एवढंच. हे आप्पा वाण्याच्या दुकानात अनोळखी गिऱ्हाइकांनाही सांगतात.) पुस्तकांना मात्र कुठल्याच खऱ्या देशाचा आकडा न देता एक काल्पनिक देशच देऊन टाकलाय. त्या धंद्यात त्याला 'बुकलँड' म्हणतात. हे कळलं त्या दिवशी आप्पा जेवताना दोनदा हसले. मला समोर बसवून त्यांनी शेवटचा आकडाही पडताळून दाखवला. "एक सोडून एक आकड्याला तिनानं गुण. आता सगळ्यांची बेरीज. शेवटी शून्य आलं पाहिजे." शून्य आलं. हातचे मोजायला त्यांनी काकूंच्या वाटीतले शेंगदाणे घेतले होते.

घोडं अडलं जुन्या पुस्तकांपाशी. तेरा आकडी नंबर सुरू झाले २००७ साली. त्याआधी दहा आकडी, आणि त्याच्याही आधीच्या पुस्तकांवर किंमत चार रुपये, बाकी काही नाही. दिवाळी अंकांचा तर वेगळाच संसार. तेव्हा आप्पांनी स्वतःची लेबलं छापली. पहिली खेप बिलाच्या छपाईयंत्रावर, स्वस्तात. कपाट पश्चिमेच्या खिडकीसमोर. मे महिना सरेस्तोवर लेबलं एटीएमच्या पावतीसारखी कोरी झाली. दुसरी खेप रीतसर, एका कागदावर पासष्ट.

स्कॅनर म्हणजे संगणकाच्या लेखी अतिशय घाईचा टायपिस्ट. कर्सर जिथे असेल तिथे आकडे आपटतो आणि एंटर मारतो. एका दुपारी आप्पांच्या पडद्यावर यादीऐवजी सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडा राहिला होता. मान खाली घालून त्यांनी एकतीस पुस्तकं घेतली. ग्रुपवर एकतीस तेरा आकडी नंबर! "ओटीपी आहे, कोणी शेअर करू नका," असं सेक्रेटरींनी कळवलं. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी प्रत्येक नंबराला हात जोडले.

परवा मी कोकणातल्या विहिरींवरचं ते निळं पुस्तक मागितलं. पूर्वी आप्पा डोळे मिटून म्हणायचे, "निळी पाठ, चहाचा डाग," आणि हात बरोबर तिथे जायचा. आता ते आधी संगणक लावतात. "कपाट तीन, कप्पा क, जागा चौदा." चौदाव्या जागी पंचांग होतं.

"अहो, दिवाळीला झाडलं तेव्हा उंचीप्रमाणे लावलीत मी," काकू आतून म्हणाल्या. "आता कशी छान दिसतात!"

आप्पा काही बोलले नाहीत. कपाट एकपासून एकेक पुस्तक काढायला लागले. टीं, हे नाही. टीं, हे नाही. पाठीवरची नावं वाचली असती तरी चाललं असतं, पण स्टोअरमध्ये नजरेवर विश्वास ठेवायची पद्धत नाही. पाऊण तासानं कपाट एकच्या तळातून निळं पुस्तक निघालं. टीं! पडद्यावर उमटलं: कपाट तीन, कप्पा क, जागा चौदा.

"बघ," आप्पा विजयानं म्हणाले, "सिस्टीमला सगळं ठाऊक असतं."

मग माझं सभासद-कार्ड निघालं, क्रमांक तीन. (पहिले आप्पा. दुसऱ्या काकू, पण त्यांनी कार्ड आजवर वापरलेलं नाही. पुस्तक हवं असलं की घेतात.) पुस्तक इश्यू झालं. निघताना काकूंनी स्टीलच्या डब्यात चिवडा भरून दिला.

"थांब थांब," आप्पा स्कॅनर घेऊन उठले, "डब्याला लेबल नाहीये!"

"काही नको," काकू म्हणाल्या. "नाव घातलंय त्यावर, लग्नातला आहे. आणि हे बघ, तुझ्याकडे आमचे अजून दोन आहेत. एक गौरींच्या वेळचा, कडीचा. दुसऱ्याचं झाकण तेवढं मागच्या महिन्यात आलं."