फ्रेमबाहेरची मावशी

ससून डॉक १८७५ सालचा. मासळीचा वासही जुनाच. पण २०१७ मध्ये तिथे स्ट्रीट आर्टचं प्रदर्शन भरलं, कोळणींचे भलेमोठे फोटो भिंतींवर चढले आणि कुलाब्याला डॉक आहे हे मुंबईला कळलं. एका हाताने नाक दाबून दुसऱ्या हाताने 'रोजचं जगणं' टिपणाऱ्यांची रीघ लागली. (दाबलेलं नाक फोटोत येत नाही, केवढी सोय!) एकजण भिंतीवरच्या मावशीसमोर कितीतरी वेळ कोन जुळवत होता. मागून खरी मावशी आली, डोक्यावर कोळंबीची निथळती पाटी.

"बाजूला हो रे, बर्फ वितळतोय!"

"मावशी, जरा फ्रेममधून सरकता का?"

मावशी सरकली नाही. पाटीतलं पाणी त्याच्या पांढऱ्या बुटांवर उतरलं.