लाटेला हॉर्न

मुंबईच्या बँकेतून निवृत्त होऊन गावी परतलेला चाकरमानी पहिल्या वर्षी घराला रंग काढतो, दुसऱ्या वर्षी विहिरीवर पंप बसवतो आणि तिसऱ्या वर्षी, बायकोने वेळीच लक्ष घातलं नाही तर, होडी घेतो. फायबरची, सोळा फुटी, सेकंडहँड. मागे दहा घोड्यांचं इंजिन. त्या दिवसापासून तो नुसता काका राहत नाही. कॅप्टनकाका होतो.

देवबाग-तारकर्लीच्या पट्ट्यात हा प्राणी टोपीवरून ओळखावा. पांढरी, पुढे सोनेरी नांगर. होडीतला खरा नांगर गंजला तरी चालतो, टोपीतला दर रविवारी धुतला जातो. पावसाळ्यात काकांची विद्वत्ता ऐन भरात असते, कारण तेव्हा होडी माडाखाली झापांनी झाकून पालथी पडलेली असते. चहाच्या टपरीवर बसून ते भरतीचं गणित सांगतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला सहा, पौर्णिमेला साधारण सव्वाअकरा. गणित बरोबर आहे, बँकेतला माणूस. फक्त भरतीची वेळ काढून ठेवली की समुद्राचा हप्ता वळता झाला, असं त्यांना वाटतं.

होडी त्यांना गाडीच वाटते. 'कट मारू', 'साइड देत नाही', 'पिकअप बघा' ही भाषा. गेल्या दिवाळीत त्यांनी होडीला हॉर्न बसवला. ब्रेक का नाही, याचा राग अजून गेलेला नाही. हँडल उजवीकडे ढकललं की होडी डावीकडे वळते, हे त्यांना तोंडपाठ आहे, हातपाठ नाही. एक लाल वेटोळी दोरी असते, ती मनगटाला अडकवायची. चालवणारा पाण्यात पडलाच तर इंजिन आपोआप बंद पडावं म्हणून. काकांना ती शेळीच्या दाव्यासारखी वाटते. ते ती इंजिनाला तशीच लोंबकळत ठेवतात.

नोव्हेंबरातल्या पौर्णिमेला त्यांनी मला आणि माझ्या पंचाण्णव किलोच्या मेव्हण्याला डॉल्फिन दाखवायला नेलं. सोबत नांगर ओढायला गावातला सतरा-अठराचा झील होता. निघायचं होतं सकाळी सातला, मतलई वारा असताना, पाणी तेलासारखं असताना. पण घावणे झाले, मग चहा झाला, मग टोपी सापडेना. कर्ली नदीच्या मुखातून बाहेर पडेपर्यंत साडेबारा वाजले आणि खारा वारा सुटला.

हलकी होडी लाटेवर म्हणजे सुपारीची विरी. काकांनी मूठ पिळली. नाळ वर उठली, आकाश दिसलं, मग होडी अशी आपटली की मेव्हण्याची कवळी वाजली. लाट खालून सरकली की पंखा पाण्याबाहेर यायचा आणि इंजिन किंचाळायचं. काकांनी समोरच्या लाटेला हॉर्न दिला.

"काकानु, जरा हळू घेवा," झील म्हणाला. "आणि त्येंका फुडे बसवा."

मेव्हणा पुढे सरकला. नाळ खाली बसली. घरीदारी त्याच्या शब्दाला कधी वजन नव्हतं. इथे त्याच्या वजनाला किंमत आली.

डॉल्फिन दोन दिसले, म्हणजे दोन पाठी. खरी गंमत परतताना. नदीच्या तोंडाशी ओहोटीचं पाणी बाहेर धावत होतं आणि खारा वारा लाटांना आत रेटत होता. दोघांच्या भांडणात लाट आखूड होते, उभी राहते, भिंतीसारखी. आणि त्या भिंती आता आमच्या मागून येत होत्या. काकांनी मूठ पुरती पिळली. एका लाटेच्या माथ्यावरून होडी पुढच्या खड्ड्यात घसरली, नाक पाण्यात खुपसलं आणि मागचा भाग आडवा फिरू लागला. काकांनी हँडल उजवीकडे मारलं. मग डावीकडे. मग देवाचं नाव घेतलं.

झील काही बोलला नाही. मेव्हण्याच्या दंडाला धरून त्याला मागे बसवलं, काकांचा हात अलगद बाजूला केला, लाल दोरी मनगटात अडकवली आणि मूठ सैल सोडली. पुढे गेलेल्या लाटेच्या पाठीवर त्याने होडी बसवली, आणि तिथेच ठेवली. तिला ओलांडायचं नाही, मागचीला गाठू द्यायचं नाही. लाट पळाली की थोडी मूठ, लाट थांबली की सैल. नजर पुढे एकदा, मागे दोनदा. रांगत्या पोरामागे आई चालते तसा तो चालला होता. काका अर्ध्या कापलेल्या प्लास्टिकच्या कॅनने पाणी उपसत होते. हे काम मात्र त्यांनी फार व्यवस्थित केलं.

टपरीवर पोचेपर्यंत लाटा दुप्पट झाल्या. "मी म्हटलं, मूठ सोड! लाटेच्या पाठीवर राहा!" काका सांगत होते. मेव्हणा ओल्या चपला हातात घेऊन ऐकत होता. झील शेजारी बसून बटाटावडा खात होता, एकदाही मान वर न करता.

गर्दी पांगल्यावर काकांनी त्याच्या चहाचेही पैसे दिले आणि हळूच विचारलं, "उद्या येशील ना रे?"

"उद्या नको. उधाण हा," तो म्हणाला. "आठ दिसांनी भांग येतलो. पाण्याक वड कमी. तेवा तुमीच चलवा."

काका खूश झाले. मग जरा थांबून म्हणाले, "पण तू असशील ना?"